डार्क चॉकलेटच्या गोळीत काय काय असतंय, पाकीट उलटं करून कसं वाचायचं

"भाऊ, ते काळं चॉकलेट द्या, शुगरवाल्याला चालतंय म्हणे." आठवड्यातून चार-पाच जण तरी हे वाक्य घेऊन येतेत माझ्या दुकानावर. परभणीत आमचं किराणा-जनरलचं दुकान आहे, वडिलांपासूनचं, आणि मागच्या दोन-तीन वर्षांत डार्क चॉकलेट मागणारे लई वाढलेत. कोणाला मोबाईलवर मेसेज आलेला असतोय, कोणाला पुण्यातल्या मुलीनं सांगितलेलं असतंय, कोणी म्हणतंय रक्त वाढतंय, कोणी म्हणतंय बीपी उतरतो. मी विचारतो, मामा, पाकिटाच्या मागं काय लिहिलंय ते बघितलं का, तर कोणीच बघितलेलं नसतंय, नावात डार्क आहे ना मग झालं. म्हणून हे लिहायलोय, एकदा नीट वाचा, पाच मिनिटं लागतील आणि पुढं आयुष्यभर कोणतंही पाकीट तुम्ही स्वतः वाचू शकाल.

पहिलं म्हणजे डार्क हा शब्द पाकिटावर पुढं कितीही मोठा असला तरी त्याच्यावरून आत साखर किती ते कळत नाही. खरं डार्क चॉकलेट कसं बनतंय बघा, कोकोच्या बिया आंबवून वाळवायच्या, भाजायच्या, टरफल काढून वाटायच्या, त्याचा जो लगदा होतोय तो कोको मास. त्यात निम्म्याच्या वर चरबी असते, तिला कोको बटर म्हणतेत, बाकीची काळी पावडर. या लगद्यात साखर घातली की डार्क, साखर आणि दूध पावडर घातली की साधं मिल्क चॉकलेट. आता आपल्याकडं पोरं एक रुपयाच्या टॉफीलाही चॉकलेटच म्हणतेत, पण त्या टॉफीत आणि ह्या डार्कमध्ये काहीच नातं नसतंय बऱ्याच वेळा.

सुरुवात करायची ती लेबल शोधण्यापासून. सुट्ट्या गोळ्या बरणीतून घेतल्या तर त्या इवल्याशा रॅपरवर काहीच सापडत नाही, आणि लोकांना वाटतंय कंपनीनं लपवलं. तसं नाही, १०० चौरस सेंटीमीटरपेक्षा लहान पाकिटाला पोषणाचा तक्ता न छापायची सूट नियमातच आहे, पण मग तो तक्ता मोठ्या पाकिटावर किंवा बरणीवर असायला लागतोय. म्हणून दुकानदाराला सरळ म्हणा, बरणी दाखवा. मी तर दाखवतोच, आणि कोणी नाही दाखवली तर ती गोळी घेऊ नका, एवढा हक्क आहे तुमचा.

बरणी हातात आली की आधी घटकांची यादी वाचा, आकडे नंतर. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायची असते, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. पहिलं नाव कोको मास किंवा कोको सॉलिड्स असेल तर माल बरा. पहिलं नाव साखर, मग लिक्विड ग्लुकोज, मग पाम तेल आणि कुठंतरी शेवटाकडं कोको पावडर अशी यादी असली की ती गोळी म्हणजे कोकोचा वास असलेली साखर, पुढं डार्क लिहिलेलं असो की अजून काही. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, ही सगळी साखरेचीच भावंडं आहेत बरं का, नाव वेगळं म्हणून सोडून देऊ नका. ३२२ आणि ४७६ असे नंबर दिसले तर घाबरू नका, ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुतेक सोयाबीनचं असतंय, माल एकजीव राहावा म्हणून घालतेत, ४७६ पण त्यातलाच प्रकार.

आणि एक शब्द डोक्यात पक्का करा, कंपाऊंड. राखीला, दिवाळीला आमच्या भागातल्या कितीतरी ताया घरी चॉकलेट बनवून विकतेत, लई सुंदर बनवतेत, मी स्वतः दुकानात ठेवतो. पण त्यातल्या बऱ्याच जणी बेकरीच्या सामानाच्या दुकानातून डार्क कंपाऊंडची लादी आणतेत, कारण ती स्वस्त आणि वितळवून साच्यात ओतली की लगेच जमते, झंझट नाही. कंपाऊंडमध्ये कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती तेल असतंय, बऱ्याचदा हायड्रोजिनेटेड, म्हणजे डालड्यासारखं घट्ट केलेलं, आणि कोकोची नुसती पावडर. चवीला चांगलं लागतंय, त्यात फसवणूक काही नाही, सणाला खा की. पण तब्येतीसाठी म्हणून डार्क खायचं ठरवलं असेल तर हे ते नाही. ताईला विचारा लादीचं पाकीट आहे का, ती दाखवेल. ट्रान्स फॅट म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारी, हृदयाला वाईट चरबी, तिची ओळ पण बघा तिथंच, २०२२ च्या जानेवारीपासून तेला-तुपात आणि त्यांच्यापासून बनवलेल्या पदार्थांत ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर चालत नाही असा नियम झालाय, पण शून्य असलेलं कधीही चांगलं.

आता टक्केवारी. पाकिटावर ५०, ७०, ८५ टक्के असं लिहिलेलं असतंय ना, ते कोकोचं एकूण प्रमाण, पावडर आणि बटर दोन्ही धरून. साध्या डार्कमध्ये उरलेलं म्हणजे जवळजवळ सगळी साखर. म्हणजे हिशोब एकदम सोपा, १०० मधून टक्के वजा करा. ७० टक्केवाल्यात १०० ग्रॅमला ३० ग्रॅमच्या आसपास साखर, ८५ वाल्यात १५, आणि ५० वाल्यात ५०, म्हणजे निम्मी साखर. साध्या मिल्क चॉकलेटमध्येही १०० ग्रॅमला ५० च्या आसपासच असते साखर, म्हणजे ५० टक्क्यांचं डार्क आणि मिल्क ह्यात साखरेच्या बाबतीत फरक जवळजवळ नाहीच. मी हे सांगितलं की लोक दोन मिनिटं गप्प बसतेत. फक्त लक्षात ठेवा, आत कॅरॅमल भरलेली, किंवा बदाम-मनुक्यावर वरून डार्कचा लेप दिलेली गोळी असेल तर ती टक्केवारी फक्त लेपाची, आतल्या मालाची नाही, तिथं तक्ताच बघावा लागतोय.

तक्त्यात ॲडेड शुगर, म्हणजे वरून घातलेली साखर, ही ओळ वेगळी असते, ती बघा. आणि इथंच सगळे चुकतेत, कारण तक्त्यात दोन रकाने असतेत, एक दर १०० ग्रॅमचा आणि एक पर सर्व्ह. हा सर्व्ह म्हणजे कंपनीनं ठरवलेला एक वाटा, कधी एक गोळी, कधी दोन. त्याच्यापुढं दिवसाच्या कोट्याचे टक्के लिहिलेले असतेत, ८ टक्के, ६ टक्के, लई कमी वाटतंय वाचायला. पण एक गोळी खाऊन कोण थांबतंय सांगा.

मागच्या महिन्यात एका मावशीसमोर मी हिशोबच करून दाखवला. डार्क लिहिलेल्या छोट्या गोळ्यांचं पाकीट होतं, आमच्या काट्यावर एक गोळी टाकली तर नीट वजन दाखवत नाही म्हणून रॅपर काढून दहा टाकल्या, ८४ ग्रॅम भरल्या, म्हणजे एक गोळी ८.४ ग्रॅमची. मागं लिहिलेलं होतं दर १०० ग्रॅमला ५४० कॅलरी आणि ॲडेड शुगर ४६ ग्रॅम. म्हणजे एका गोळीत ४ ग्रॅमच्या जरा आत साखर, एक छोटा चमचा धरा, आणि ४५ कॅलरी. मावशी म्हणल्या मी तर टीव्ही बघता बघता पाच खाते. पाच गोळ्या म्हणजे १९ ग्रॅम साखर आणि सव्वादोनशे कॅलरी, ज्वारीच्या एका मध्यम भाकरीएवढ्या. लेबलवरचे टक्के दिवसाला ५० ग्रॅम ॲडेड शुगर धरून काढलेले असतेत, पण जागतिक आरोग्य संघटना म्हणते की २५ च्या आसपास ठेवली तर अजून चांगलं. म्हणजे पाच गोळ्यांत दिवसाचा तीन-चतुर्थांश कोटा संपला, आणि सकाळपासूनचे तीन चहा त्यात धरलेलेच नाहीत. मावशींनी पाकीट परत ठेवलं नाही, घेतलंच, पण आता रोज दोन खाते म्हणल्या, आणि मला ते पटलं.

आता ७० ते ८५ टक्क्यांचं खरं डार्क घेतलं तर त्यात काय असतंय ते सांगतो, अमेरिकेच्या शेती खात्याचे आकडे आहेत, जगभर हेच वापरतेत. १०० ग्रॅमला जवळपास ६०० कॅलरी, चरबी ४२-४३ ग्रॅम, त्यातली सॅच्युरेटेड, म्हणजे तुपासारखी घट्ट होणारी, साडेचोवीस, साखर २४, तंतू म्हणजे फायबर ११, प्रोटीन ८ च्या जवळ. बघा, साखर कमी झाली पण कॅलरी उलट वाढल्या, कारण साखरेची जागा चरबीनं घेतली आणि चरबीच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, साखरेच्या एका ग्रॅमला ४. म्हणून वजन उतरवायला डार्क खातो म्हणणाऱ्यांनी इथं थांबून विचार करावा. कोको बटरमध्ये स्टिअरिक ॲसिड नावाची चरबी साधारण तिसरा हिस्सा असते आणि तिच्यामुळं कोलेस्टेरॉल फारसं वाढत नाही हे खरं आहे, पण बाकीच्यात पामिटिक पण आहे, ते वाढवतंय. ३० ग्रॅम डार्कमध्ये ७ ग्रॅमच्या वर सॅच्युरेटेड जातंय, लेबलच्या हिशोबानं दिवसाची मर्यादा २२, म्हणजे तिसरा हिस्सा तिथंच.

रक्तवाढीचं मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण हा विषय माझ्या घरातला आहे. माझ्या पुतणीचं हिमोग्लोबिन ९ निघालं होतं, बारावीला होती, चक्कर यायची, आणि नातेवाइकातल्या कोणीतरी सांगितलं डार्क चॉकलेट द्या त्यात लोह आहे. लोह आहे हे खरं, १०० ग्रॅमला १२ मिलिग्रॅमच्या जवळ, कागदावर भरपूर दिसतंय. पण कोणी १०० ग्रॅम खातंय का रोज? ३० ग्रॅम खाल्लं तर साडेतीन मिलिग्रॅम, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली बाईची दिवसाची गरज २९ मिलिग्रॅम सांगितलीय. त्यातही कोकोमधले जे कडवट पदार्थ असतेत, चहात असतेत तसेच, ते लोह आतड्यात शोषू देत नाहीत नीट. म्हणजे साडेतीनमधलं अंगाला लागणार किती. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५७ जणींना रक्त कमी आहे, २०१९-२१ च्या सरकारी सर्वेक्षणातला आकडा आहे हा, आणि अशा पोरींना चॉकलेटवर ठेवणं म्हणजे वेळ घालवणं. पुतणीला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, जेवणावर लिंबू पिळायला सांगितलं, चहा जेवणापासून तासभर लांब ठेवायला सांगितला, चार महिन्यांनी ती ११ च्या वर गेली. आणि घरात तीळ असतेतच की, १०० ग्रॅम तिळात लोह १४ च्या आसपास आणि टरफलासकट असले तर कॅल्शियम हजाराच्या जवळ, डार्क चॉकलेटमध्ये कॅल्शियम फक्त ७३. तिळाची चटणी, शेंगदाणा-गुळाचा लाडू ह्याला कमी समजू नका.

डार्कमध्ये खरंच चांगलं काय, तर मॅग्नेशियम, १०० ग्रॅमला २२८ मिलिग्रॅम, तांबं आणि मँगनीज पण भरपूर, आणि ते फ्लॅव्हेनॉल म्हणतेत ते, ज्याच्यामुळं रक्तवाहिन्या लवचिक राहतेत. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं २०१२ मध्ये मान्य केलं की दिवसाला २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हेनॉल मिळाले तर हा फायदा होतोय. पण अडचण अशी की आपल्या पाकिटावर फ्लॅव्हेनॉल किती ते लिहिलेलंच नसतंय, आणि कडवटपणा कमी करायला कोकोवर क्षाराची प्रक्रिया केलेली असली तर त्यातले बरेच उडून जातेत. ते ओळखायचं कसं, तर यादीत ॲसिडिटी रेग्युलेटर ५०० किंवा ५०१ असा नंबर कोकोच्या जवळ दिसला की समजायचं प्रक्रिया झालीय. रंग त्याचा उलट जास्त काळाभोर होतोय, म्हणून जितकं काळं तितकं चांगलं हे पण खरं नाही. अमेरिकेत २१ हजारांच्या वर वयस्कर लोकांना रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हेनॉल देऊन बघितलं, २०२२ मध्ये निकाल आले, हार्ट अटॅक आणि लकवा वगैरे सगळे धरून ठळक फरक पडला नाही, हृदयाच्या आजारानं होणारे मृत्यू मात्र कमी दिसले. आणि तिथं कॅप्सूल दिल्या होत्या, चॉकलेट नाही, त्यात ना साखर ना चरबी. बीपीची गोळी बंद करून चॉकलेट सुरू करणारा एक माणूस मला भेटलाय, हात जोडून सांगतो असं करू नका.

शुगर फ्री डार्क पण येतंय आता, महाग असतंय. त्याच्यात साखरेऐवजी बऱ्याचदा माल्टिटॉल असतंय, नंबर ९६५. साखरेपेक्षा त्याच्यानं रक्तातली शुगर कमी चढते, पण चढतेच, आणि एका ग्रॅमला सव्वादोन-अडीच कॅलरी आहेतच. जास्त खाल्लं की पोट फुगतंय, जुलाब लागतेत, विशेषतः लहान लेकरांना. पहिल्यांदा खाणार असाल तर एक गोळी खाऊन दिवसभर बघा.

शुगरवाल्यांसाठी अजून एक गोष्ट, आणि ही सगळ्यांनी वाचा कारण जीवाशी गाठ आहे. मागच्या उन्हाळ्यात एक काका दुकानासमोर बाकड्यावर बसले, इन्सुलिन घेतेत ते, सकाळी घेतलं आणि बँकेच्या रांगेत जेवायचं राहिलं. घाम फुटलेला, हात थरथरायलेले, बोलणं अडखळायलं. बाजूच्या एकानं पटकन डार्क चॉकलेट फोडून दिलं. मी म्हणलं ते नको, आणि तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली. कारण चॉकलेटमधली चरबी साखरेला हळूहळू रक्तात सोडते, आणि शुगर खाली गेलेली असताना तेवढा वेळ नसतोय. १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज, १५ मिनिटं थांबायचं, फरक नाही पडला तर परत तेवढंच. माणूस शुद्धीत असेल तरच तोंडानं द्यायचं, नसेल तर काहीच तोंडात घालायचं नाही आणि सरळ दवाखाना. काका वीस मिनिटांत बोलायला लागले, मग त्यांना घरून डबा मागवून जेवायला घातलं.

रोज किती खावं असं विचाराल तर तब्येत चांगली असलेल्या मोठ्या माणसानं ७० च्या वरचं १० ते २० ग्रॅम, म्हणजे दोनेक गोळ्या, जेवणानंतर. मुतखड्याचा त्रास असेल तर कमी करा, कोकोमध्ये ऑक्झलेट जास्त असतंय. किडनीवाल्यांनी डॉक्टरला विचारूनच, पोटॅशियम १०० ग्रॅमला ७०० च्या वर जातंय. लेकरांना रात्री देऊ नका, ३० ग्रॅममध्ये २४ मिलिग्रॅम कॅफिन असतंय, अर्धा कप चहा समजा. अमेरिकेतल्या एका ग्राहक संस्थेनं २०२२ मध्ये २८ डार्क चॉकलेटं तपासली तर २३ मध्ये शिसं किंवा कॅडमियम इतकं निघालं की रोज एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम, खाल्लं तर त्यांनी धरलेली मर्यादा ओलांडली जाते, म्हणून गरोदर बाईनं आणि लहान पोरांनी रोजची सवय लावू नये, आणि मोठ्यांनी पण एकच ब्रँड धरून बसू नये. घरी कुत्रा असेल तर त्याच्यापासून लांब ठेवा, कोकोतलं थिओब्रोमिन त्याला विषारी आहे.

राहिला आपला उन्हाळा. कोको बटर ३४ अंशाच्या आसपास वितळतंय, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला असतोय. म्हणून भर दुपारी काउंटरवर ठेवलेली डार्कची गोळी जर खडखडीत राहिली तर तिच्यात कोको बटर असेल का ह्याचा संशय घ्या आणि यादी परत वाचा. खरी गोळी जिभेवर ठेवली की न चावता विरघळते, तोंडात मेणासारखा थर राहत नाही. उन्हाळ्यात घेतली तर थेट घरी न्या, हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, आणि खायच्या आधी डबा बंदच बाहेर काढून वीस मिनिटं तसाच ठेवा, नाहीतर दमट होऊन वरची साखर पाझरते आणि खरखरीत होतंय.

पांढरी झाक आली म्हणून लोक पाकीट परत आणतेत, बुरशी लागली म्हणतेत. मी पण आधी फेकून द्यायचो. मग आपल्या कृषी विद्यापीठातल्या अन्न तंत्रज्ञान कॉलेजचा एक पोरगा साबण घ्यायला आला होता, त्यानं नखानं खरवडून दाखवलं, म्हणला काका ही बुरशी नाही, चॉकलेट एकदा पातळ होऊन परत घट्ट झालं की आतली चरबी वर येऊन बसते. बुरशी लवदार असते आणि कुबट वास येतोय, हे सपाट असतंय आणि बोटाच्या उबेनं विरघळतंय. तारीख गेलेली नसेल तर खायला काही हरकत नाही, पोषणात फरक पडत नाही, नुसती चव जरा भुसभुशीत लागते. आता आमच्या घरी असल्या गोळ्या खिसून गरम दुधात घालतेत, वरून साखर घालत नाहीत.